बारा सेलची बॅटरी

बायको निवृत्त झाल्यावर एखाद्या भजनी मंडळात जाईल, फार तर मैत्रिणींबरोबर केरळची सहल काढेल, एवढीच श्रीनिवास दामल्यांची कल्पना होती. मंदाकिनीबाईंनी ड्रोन घेतला.

घेतला म्हणजे खोक्यातला तयार नव्हे. मोटारी वेगळ्या, पंखे वेगळे, सांगाडा वेगळा, असं सगळं मागवून त्यांनी तो वारज्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर जोडला. तो जोडून होईपर्यंत दोघं नवराबायको ताटं मांडीवर घेऊन जेवली. बाईंनी सारा जन्म शाळेत भूगोल शिकवला होता. डोंगराच्या सोंडा, नदीची वळणं, ओढ्यांचं जाळं, हे सगळं त्या मुलांना नकाशावर काठीनं दाखवत आल्या होत्या. मग एका सकाळी त्यांनी ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं चित्र थेट डोळ्यांपुढे दाखवणारा गॉगल लावला, ड्रोन वर नेला आणि पहिल्यांदाच खराखुरा ओढा वरून पाहिला. "अहो, मी फळ्यावर काढायचे ना, अगदी तसाच दिसतो हो!" म्हणून त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या. हे खूळ आता लवकर उतरायचं नाही, हे श्रीनिवासरावांनी त्याच दिवशी ओळखलं.

ते स्वतः महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. आकाशापेक्षा जमिनीखालचं त्यांना जास्त कळे. ड्रोनशी त्यांचा संबंध एवढाच, की बॅटरी चार्ज होत असली की खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसायचं. शेजारी वाळूची बादली.

"तुम्ही समोर बसलात म्हणून ती पेटायची थांबणार आहे का?" मंदाकिनीबाई विचारायच्या.

"नाही. पण पेटली तर 'मी सांगितलं होतं' असं म्हणायला कोणीतरी हजर हवं."

डिसेंबरात बाईंच्या ड्रोनवाल्या ग्रुपवर एक निरोप आला. ग्रुप तसा पोरासोरांचा. कोणी आयटीतला, कोणी कॉलेजात शिकणारा, आणि मधोमध या एकट्या आजी म्हणाव्यात अशा बाई. वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यापासून बरंच आत एक मोकळा माळ होता. तिथे रीतसर परवानगी काढून लांब पल्ल्याची स्पर्धा ठरली होती. माळाच्या दोन टोकांना दोन झेंडे रोवायचे, दोन्हीकडे माणसं उभी करायची आणि ड्रोननं त्या झेंड्यांना फेऱ्या मारायच्या. बॅटरी एकच. ती संपेपर्यंत ज्याच्या फेऱ्या जास्त, तो पहिला. अट एकच, बॅटरीसकट सगळं वजन दोन किलोच्या आत हवं.

"मी नाव दिलंय," बाई म्हणाल्या.

"किती लांब जाणार आहेस?"

"बॅटरी नेईल तितकं."

'बॅटरी नेईल तितकं' हे उत्तर श्रीनिवासरावांना काही रुचलं नाही. जन्मभर त्यांनी कुठल्या टाकीतून कुठल्या पेठेला किती पाणी पोचेल हे आधी ठरवून मग व्हॉल्व्ह उघडला होता. "असं मोघम कसं चालेल?" ते म्हणाले. "कुठली बॅटरी? किती भरते? किती देते?" आणि विचारता विचारता ते कधी टेबलाशी येऊन बसले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

बाईंनी समजावून सांगितलं. ड्रोनला रोज लावतात ती लिथियम पॉलिमरची चपटी बॅटरी अंगात जोर असलेली, मागाल तेव्हा भसकन वीज देणारी. पण तितक्याच लवकर संपणारी. लांब जायचं तर लिथियम-आयनचे गोल सेल घ्यायचे, विजेच्या स्कूटरमध्ये असतात तसे. सहा सेल एकामागे एक जोडायचे, तशा दोन रांगा शेजारी शेजारी, म्हणजे बारा सेल. वजन बेताचं आणि दम मोठा. फक्त त्यांना एकदम फार मागायचं नाही, सावकाश मागायचं.

"म्हणजे सरकारी खात्यासारखं," श्रीनिवासराव म्हणाले.

"तुम्हीच म्हणालात, मी नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत गेले. तिथे अनिरुद्ध नावाच्या माणसाचं, दोन माणसं उभी राहिली तर तिसरा आत येणार नाही एवढं दुकान होतं. तो सेल विकायचा आणि पॅक बांधूनही द्यायचा. श्रीनिवासरावांची नजर काउंटरवरच्या एका झगझगीत सेलवर गेली. वर लिहिलं होतं, नऊ हजार नऊशे मिलिअँपिअर-तास.

"हा घेऊ की! याच्यात तर सगळ्यात जास्त मावतं."

"हातात धरून बघा," अनिरुद्ध वर न बघता म्हणाला.

धरला. पोकळ शेंगेसारखा हलका.

"लिहिणाऱ्यानं मन मोठं ठेवलंय," अनिरुद्ध म्हणाला. "आत मात्र काही नाही. तो मी गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलाय. घ्यायचे ते हे." त्यानं दोन सेल पुढे ठेवले. दोन्ही अंगठ्याएवढे जाड, दोन्ही वजनाला सारखे. "यात पाच हजार मावतात. त्यात बेचाळीसशे. आता विचारा, कमीवाला कशाला घ्यायचा."

"कशाला?" श्रीनिवासरावांनी लगेच विचारलं.

"पाच हजारवाला साठवतो जास्त, पण एका वेळी फार देत नाही. बेचाळीसशेवाला साठवतो कमी, पण मागाल तेवढं देतो. तुमचं मागणं किती, ते तुम्हाला ठाऊक."

नवराबायकोनं एकमेकांकडे पाहिलं. "दोन्हीचे पॅक बांधा," बाई म्हणाल्या.

पॅक घरी आले आणि वाळूची बादली बाजूला पडली. श्रीनिवासरावांनी गॅरेजवाल्याकडून गाडीच्या हेडलाइटचे दोन जुने बल्ब मिळवले, ते एकापुढे एक जोडले आणि गॅलरीत पॅक लावून बसले. एका संध्याकाळी हा पॅक, दुसऱ्या संध्याकाळी तो. समोरच्या इमारतीतल्या लोकांना वाटलं, दामल्यांकडे लग्न निघालं. पाच हजारवाला पॅक वीसेक मिनिटं जास्त चालला. श्रीनिवासराव घड्याळ हातात धरून आत धावले.

"वीस मिनिटं, अगं! वीस! आता विचारच करायचा नाही. मोठी टाकी ती मोठी टाकी."

"हं," बाई म्हणाल्या. हा 'हं' शाळेत मुलांच्या उत्तरपत्रिका तपासताना निघायचा तो होता. श्रीनिवासरावांनी तो ऐकला, पण मनावर घेतला नाही. त्या रात्री त्यांनी मुलीला, ऋचाला, बंगळुरूला फोन करून सेलमधला फरक समजावून सांगितला. "बाबा, तुम्ही बरे आहात ना?" तिनं विचारलं.

सरावालाही ते जाऊ लागले. बाईंच्या डोळ्यांवर गॉगल असायचा, त्यांना वाट बघायची असायची, म्हणून बॅटरीच्या व्होल्टेजचे आकडे छोट्या पडद्यावर वाचून सांगण्याचं काम श्रीनिवासरावांकडे आलं. पहिल्याच दिवशी एकेका सेलचा आकडा तीन पॉइंट चारवर आला तेव्हा ते "उतरव! संपली! उतरव!" असे ओरडले, की मैदानाच्या कडेला बाकावर बसलेली दोन माणसं उठून उभी राहिली. तेव्हा बाईंनी सांगितलं, की चपट्या बॅटरीला तिथे थांबावं लागतं, या गोल सेलना नाही. हे तीनच्या खालीही थोडे जातात. शिवाय मोटारींनी जोरात ओढलं की आकडा खाली बसतो आणि ओढ कमी झाली की पुन्हा वर येतो. खाली बसला म्हणजे संपलीच असं नसतं. श्रीनिवासरावांनी ते लक्षात ठेवलं. पुढच्या सरावात ते आकड्याबरोबर "बसला... बसला... उठला!" असंही सांगू लागले.

जानेवारीतल्या त्या रविवारी दोघं अंधारातच निघाले. माळावर पोचले तेव्हा गवत दवानं भिजलेलं होतं, पानही हलत नव्हतं. पोरं हात चोळत, चहाचे कागदी कप धरून उभी होती. "काकू आल्या, काकू आल्या," म्हणून दोघातिघांनी येऊन बॅगा घेतल्या. हजेरी लावतानाच बॅटरी दाखवायची होती. ती वजनकाट्यावर ठेवून तिच्यावर चिकटपट्टी लावायचे, म्हणजे मागाहून बदलता येत नसे.

श्रीनिवासरावांनी पाच हजारवाला पॅक बाहेर काढला. बाईंनी त्यांच्या हातातून तो घेऊन परत पिशवीत ठेवला.

"दुसरा काढा."

"अगं, वीस मिनिटं! माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी."

"दोन बल्बांवर पाहिलंत. बल्बांना वारा लागत नाही."

"आत्ता कुठे आहे वारा?"

"आत्ता नाही. ऊन पडलं, माळ तापला, की सुटणार. सातवीला शिकवत होते मी हे. आपला नंबर आधी लागेल की नंतर, तुम्हाला ठाऊक आहे?"

"तुझा हट्ट," श्रीनिवासराव पुटपुटले. त्यांनी बेचाळीसशेवाला पॅक काट्यावर ठेवला तो जरासा आपटूनच. चिकटपट्टी लागली. मग चिठ्ठ्या काढल्या, तर पहिला नंबर आला वाघोलीत इंजिनिअरिंग शिकणाऱ्या प्रियदर्शनीचा, आणि शेवटचा दामल्यांचा.

प्रियदर्शनी मूळची यवतमाळकडची, बोलायला कमी आणि हाताला शांत. तिनं लावला होता पाच हजारवाला पॅक. तिचा ड्रोन उठला आणि आगगाडी रुळावरून जावी तसा एका उंचीवर, एका वेगानं झेंड्यांना फेऱ्या घालू लागला. धक्का नाही, घाई नाही. दहा झाल्या, पंधरा झाल्या, पोरं मोठ्यानं मोजायला लागली. बावीस फेऱ्या झाल्यावर तिनं ड्रोन अलगद खाली टेकवला, तेव्हा सगळ्या माळावर टाळ्या पडल्या.

"बघितलंस?" श्रीनिवासराव बायकोच्या कानाशी म्हणाले. "पाच हजार!"

बाईंचं लक्ष टाळ्यांकडे नव्हतं. त्या दूरच्या झेंड्याकडे बघत होत्या. त्याचं कापड आता किंचित हलत होतं.

मग एकेक जण उडवत गेला. धायरीच्या तेजसनं अठरा फेऱ्या केल्या. तोपर्यंत ऊन चांगलं वर आलं होतं आणि दोन्ही झेंडे फडफडायला लागले होते. दूरच्या झेंड्याकडे जाताना वारा समोरून, येताना पाठीवर. शेवटून दुसरा नंबर आमोदचा. हा आयटीतला, उत्साही पोरगा, त्याच्याही ड्रोनला पाच हजारवाला पॅक. आठ फेऱ्या छान झाल्या. नवव्या फेरीला समोरच्या वाऱ्याचा एक मोठा झोत आला, ड्रोन मागे रेटला गेला, आमोदनं जोर वाढवला आणि त्याच्या पडद्यावरचा आकडा एकदम कोसळला. टींटीं करत धोक्याची घंटी वाजायला लागली. "शिट, शिट, शिट!" म्हणत त्यानं ड्रोन दूरच्या झेंड्याच्या अलीकडेच गवतात उतरवला. बिचाऱ्याची स्पर्धा तिथेच संपली.

धावत जाऊन तो ड्रोन घेऊन आला आणि पॅकला मीटर लावला. श्रीनिवासराव सगळ्यांच्या पुढे वाकून बघत होते. आकडा पुन्हा चांगला वर आलेला. पॅकमध्ये निम्म्याच्या आसपास वीज तशीच शिल्लक होती.

"आहे की अजून!" आमोद डोक्याला हात लावून म्हणाला. "मग दिली का नाही?"

आणि श्रीनिवासरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उन्हाळ्यात वरच्या मजल्यांवरून तक्रारी यायच्या, टाकी काठोकाठ भरलेली आणि नळाला करंगळीएवढी धार. टाकीत कमी नव्हतंच कधी. पाइप बारीक होता!

"टाकी भरलेली आहे रे बाबा, पण पाइप बारीक!" ते आमोदचा खांदा धरून इतक्या आनंदानं ओरडले, की आमोद दचकला. "एका वेळी जाईल तेवढंच जाणार! वाऱ्यानं मागणं वाढलं, धार तुटली!" मग वळून बायकोकडे आले. "अगं, तू बरोबर होतीस. शंभर टक्के बरोबर."

"हे ऋचाला फोन करून सांगाल का?" बाई म्हणाल्या. "आता पॅक द्या."

पॅक श्रीनिवासरावांच्या स्वेटरच्या आत होता. थंडीत सेल आळसावतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून चिकटपट्टी लागल्यापासून त्यांनी तो पोटाशी धरून ठेवला होता. त्यांनी तो काढून दिला तेव्हा मंदाकिनीबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि हसू दाबत तो ड्रोनवर पट्ट्यानं आवळला.

बाईंनी ड्रोन उठवला आणि वर न नेता जमिनीलगत, जेमतेम माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढाच ठेवला. "वर वारा जास्त असतो," त्या गॉगलखालून म्हणाल्या. समोरून वारा असताना सावकाश, पाठीवर असताना भरभर, अशा त्या निघाल्या. श्रीनिवासराव शेजारच्या स्टुलावर, पडदा मांडीवर, नाक पडद्याला टेकलेलं.

"तीन आठ. बसला, तीन सहा. वळलीस, उठला, तीन आठ!"

पाच फेऱ्या, आठ फेऱ्या. आमोदला उतरावं लागलं तिथे पोचल्यावर पुन्हा तसाच झोत आला. ड्रोन तिरका झाला, मोटारींचा आवाज चढला, आकडा खाली बसला, पण तुटला नाही. बेचाळीसशेवाल्यानं मागितलेलं सगळं दिलं. "देतोय! देतोय गं!" श्रीनिवासरावांनी मांडीवर थाप मारली. पोरं एकेक करत त्यांच्या मागे गोळा झाली. बारा. चौदा. सोळाव्या फेरीला आकडा वाऱ्यासमोर तीन पॉइंट दोनवर आला आणि श्रीनिवासरावांचा आवाज चिरका व्हायला लागला. अठरावी फेरी पुरी झाली. तेजसशी बरोबरी.

"आकडा?" बाईंनी विचारलं.

"तीन एक. पाठीवर वारा असतानासुद्धा तीन एक."

अलीकडच्या झेंड्याला वळसा घालून ड्रोन जवळ आला होता. इथे उतरवला असता तर सुखरूप उतरला असता. पुढे पुन्हा समोरचा वारा.

"अहो, पटकन सांगा. उतरवू की जाऊ?"

मागे कोणीतरी म्हणालं, "काकू, उतरवा, रिस्क नको." श्रीनिवासरावांनी सबंध आयुष्यात कधी दिवा पिवळा असताना गाडी पुढे काढली नव्हती. पण रोज पडद्याला डोळे लावून बसलेल्या या माणसाला ही बॅटरी आता स्वतःच्या नाडीसारखी कळत होती. जाताना ती खाली बसेल. येताना वारा ढकलेल, मग ती उठेल. अवघड वाट आधी आहे, सोपी मागून.

"जा!" ते स्टुलावरून उठूनच म्हणाले. "सावकाश जा. दूरच्या झेंड्यापर्यंत पोचलीस की झालं. जा, मंदे, जा!"

पोरांसमोर नवऱ्यानं 'मंदे' म्हटलेलं बाईंच्या लक्षातसुद्धा आलं नाही. ड्रोन जमिनीच्या आणखी जवळ आला, गवताचे शेंडे त्याच्याखाली थरथरत होते. तीन. दोन नऊ. घंटी सुरू झाली. "बसू दे, बसू दे," श्रीनिवासराव पुटपुटत होते. दोन पॉइंट आठ. दूरच्या झेंड्याशी उभ्या असलेल्या मुलानं हात वर केला.

"वळली!" सगळा घोळका एकदम ओरडला.

वारा पाठीशी आला. दोन नऊ. तीन. "उठला!" श्रीनिवासराव नाचायचेच बाकी होते. "उठला, उठला, ये, ये, ये!" ड्रोन झेंड्यावरून सुळकन आला, आणि बाईंनी तो टेकवला तो पोरांनी पळून मोकळ्या केलेल्या जागेत, त्यांच्या सुटलेल्या चपलांच्या मधोमध. एकोणीस.

मग जो दंगा झाला त्याला माळावर आवर घालायला कोणी नव्हतं. आमोदनं बाईंचा गॉगल काढून घेतला आणि त्यांना वाकून नमस्कारच केला. तेजस तिसऱ्या नंबरावर ढकलला गेला होता, पण शिट्ट्या तोच सगळ्यात जोरात वाजवत होता. मंदाकिनीबाईंनी रिमोट खाली ठेवला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो मघाच्याच जागी उभा, स्वेटर वर सरकलेला, डोळे भरून आलेले आणि हातातला पडदा उलटा.

"दुसरे आलो आपण," बाई म्हणाल्या.

"अगं, त्या मुलीचा नंबर आपल्याला मिळाला असता आणि आपला तिला, तर?" श्रीनिवासराव एकदम भानावर आले. "तिचा पॅक शांत हवेत, आपला वाऱ्यात. थांब, तिला विचारतो."

आणि ते तडक प्रियदर्शनीकडे गेले. तिनं आधी भीतभीत उत्तरं दिली, मग तीही रंगली. मोठ्या पॅकवर वाऱ्यात किती टिकली असती, एक रांग पाच हजारवाल्यांची आणि एक बेचाळीसशेवाल्यांची अशी सरमिसळ केली तर काय होईल, आणि ती का कधीच करायची नाही, याची तिनं गवतात बसून काडीनं मातीत रेघा मारत फोड करून सांगितली. श्रीनिवासराव तिच्यासमोर मांडी घालून बसले होते. आमोद आणि तेजसही येऊन टेकले.

मंदाकिनीबाईंनी ड्रोन बॅगेत भरला, चहाचे कप गोळा केले, गाडी वळवून आणली आणि हॉर्न वाजवला. काही झालं नाही. पुन्हा वाजवला.

"अहो, चला ना. जेवायची वेळ झाली."

"हो हो, आलोच," श्रीनिवासराव तिकडून म्हणाले. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तू जरा इकडे येऊन बघतेस का? ही मुलगी म्हणतेय, पंखा थोडा बदलला तर पंचवीस फेऱ्या निघतील!"

बाईंनी गाडी बंद केली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि त्या गवतातून घाईघाईनं तिकडे निघाल्या.